'गोड बंद' या दोन शब्दांपलीकडे : आहार, संप्रेरके आणि मधुमेह



वार्षिक अहवालात ताळेबंद व जमाखर्चाच्या पत्रकांबरोबर एखादा आरोग्यप्रबोधनपर लेख देण्याची आपल्या रुग्णालयाची प्रथा आहे. हा लेख सामान्यतः डॉक्टर मंडळी लिहितात. या वर्षी तो प्रशासनाने, म्हणजे आम्ही, मागून घेतला. आमचे शिक्षण वाणिज्य शाखेचे असल्याने वैद्यकीय मजकूर आमच्या डॉक्टरांकडून व आहारतज्ज्ञांकडून तपासून घेतला आहे. तरीही लेखणी आम्ही हाती घेतली, त्यास कारण एका रुग्णाचा केसपेपर आहे.

अहवाल वर्षात पायाच्या जखमेसाठी एक गृहस्थ दाखल झाले. जखम चिघळलेली होती. अखेर पायाचा अंगठा काढावा लागला. बिलात सवलत मिळावी म्हणून आलेल्या अर्जासोबत त्यांची जुनी फाइल आमच्या टेबलावर आली. त्यांच्या मधुमेहाचे निदान अनेक वर्षांपूर्वी याच रुग्णालयात झाले होते आणि आहाराविषयी त्या केसपेपरवर दोनच शब्द होते : 'गोड बंद'. त्यांच्या पत्नी आम्हाला म्हणाल्या, "साहेब, लग्नाच्या पंगतीतसुद्धा ह्यांनी कधी जिलेबीला हात लावला नाही. मग असं का झालं?"

चौकशी करता कळले, की गोड सोडलेल्या या माणसाच्या ताटात दोन्ही वेळा भाताची रास असे, न्याहारीला पोहे, एकादशी-चतुर्थीला साबुदाण्याची खिचडी आणि चहात साखरेऐवजी गूळ. औषधांतील खंड व सुन्न पडलेली पावले ही कारणेही होतीच. परंतु सांगितलेला नियम त्यांनी निष्ठेने पाळला होता. नियमच अपुरा होता. तो दोष रुग्णाचा नव्हे, आमचा होता. त्याहून बोचणारी गोष्ट अशी, की काही वर्षांपूर्वी खर्चकपातीच्या वेळी आहारतज्ज्ञांचे पद रिक्त ठेवण्याची शिफारस आम्हीच विश्वस्त मंडळाकडे केली होती. त्या विभागाच्या जमेच्या बाजूस आम्हाला काही दिसत नव्हते. ते का दिसले नाही, हे समजून घेताना आम्ही जे शिकलो, ते आपणापुढे ठेवत आहोत.

रक्तातील शिल्लक

प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे पाच लिटर रक्त असते. उपाशीपोटी त्या सगळ्या रक्तात मिळून जेमतेम पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा, ग्लुकोज असते. उलटपक्षी, दीडशे ग्रॅम शिजलेल्या भातातून सुमारे ४० ग्रॅम कर्बोदके मिळतात. पिष्टमय पदार्थ म्हणजे ग्लुकोजच्या कणांच्या लांबलचक साखळ्याच होत. पचनात त्या तुटतात आणि भात, पोळी, भाकरी, बटाटा, साबुदाणा या सर्वांतून अखेर ग्लुकोजच रक्तात उतरते. जिभेला लागणारी गोडी आणि रक्तात येणारी साखर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे 'गोड बंद' या सूचनेतून कोणालाही कळत नाही.

म्हणजे प्रत्येक जेवणानंतर रक्तातील शिल्लकीच्या कित्येक पट भरणा येतो आणि तो तत्काळ योग्य खात्यात वळवावा लागतो. यकृत सुमारे शंभर ग्रॅम साठा ग्लायकोजेनच्या रूपाने ठेवते. हे चालू खाते. स्नायूंची साठवण त्याहून मोठी, पण ती त्यांच्या स्वतःच्या वापरापुरती. ही खाती भरली, की उरलेल्या ऊर्जेची चरबी होते. त्या मुदत ठेवीला वरची मर्यादा नाही. एक ग्रॅम कर्बोदकातून किंवा प्रथिनातून सुमारे ४ आणि एक ग्रॅम स्निग्ध पदार्थातून सुमारे ९ किलोकॅलरी ऊर्जा मिळते. या देवघेवीलाच चयापचय म्हणतात आणि तिचे हुकूम देणारे अधिकारी म्हणजे संप्रेरके, अर्थात हार्मोन्स.

इन्सुलिन आणि ग्लुकागॉन

स्वादुपिंडातील पेशींची लहान लहान बेटे पॉल लँगरहान्स या जर्मन शास्त्रज्ञाने १८६९ मध्ये प्रथम वर्णन केली. या बेटांतील बीटा पेशी इन्सुलिन तयार करतात. १९२१ मध्ये कॅनडातील टोरांटो येथे बँटिंग व बेस्ट यांनी ते वेगळे काढण्यात यश मिळवले आणि जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला ते प्रथम टोचले गेले. तोपर्यंत या प्रकारच्या मधुमेहात मूल हमखास दगावत असे. आजही टाइप १ मधुमेहात शरीराचे स्वतःचे इन्सुलिन जवळजवळ नसतेच; तेथे कोणताही आहार, काढा किंवा व्रत इन्सुलिनची जागा घेऊ शकत नाही. पुढील विवेचन मुख्यतः टाइप २ मधुमेहाविषयी आहे, हे कृपया ध्यानी घ्यावे.

इन्सुलिन हा 'जमा करा' असा हुकूम आहे. तो मिळताच स्नायू व चरबीच्या पेशी ग्लुकोज आत घेतात, यकृत आपला पुरवठा थांबवते आणि साठलेली चरबी वितळणे मंदावते. त्याच बेटांतील अल्फा पेशींचे ग्लुकागॉन हा याच्या उलट, 'काढून द्या' असा हुकूम आहे. दोन जेवणांच्या मधल्या काळात व झोपेत मेंदूला ग्लुकोज मिळत राहते, ते या हुकुमामुळे.

टाइप २ मधुमेहात प्रथम बिघडते ते हुकुमाचे पालन. यकृत, स्नायू व चरबी इन्सुलिनला नीट दाद देत नाहीत; यास इन्सुलिन-प्रतिरोध म्हणतात. स्वादुपिंड मग अधिकाधिक इन्सुलिन पाठवून वेळ निभावते. या अवस्थेत वर्षानुवर्षे साखरेचा अहवाल निर्दोष येतो, मात्र तो राखण्याचा खर्च आतल्या आत वाढत असतो. अखेर बीटा पेशी थकतात आणि तूट उघडी पडते. आम्हा हिशेबनिसांना हा प्रकार चांगलाच परिचयाचा आहे : वरून ताळेबंद जुळतो आणि आतून गंगाजळी आटत जाते.

येथे कुटुंबीयांच्या एका शंकेचे निरसन करणे अगत्याचे आहे. "रात्री नीट जेवले नाहीत, तरी सकाळी साखर वाढलेली. चोरून खातात का?" असा प्रश्न आमच्या बाह्यरुग्ण विभागात नेहमी विचारला जातो. वस्तुस्थिती अशी, की या आजारात ग्लुकागॉनवर पुरेसा लगाम राहत नाही आणि यकृत रात्रभर गरजेपेक्षा अधिक ग्लुकोज सोडत राहते. पहाटे कॉर्टिसॉल व वाढीचे संप्रेरक यांचे प्रमाण वाढते, त्याचीही भर पडते. पुष्कळ घरांत केवळ सकाळच्या एका आकड्यावरून वडीलधाऱ्या माणसावर चोरीचा आळ येतो. तो घेण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

चरबी हे नुसते कोठार नव्हे

चरबी म्हणजे निष्क्रिय साठा, अशी समजूत फार काळ होती. १९९४ मध्ये अमेरिकेतील जेफ्री फ्रीडमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी लेप्टिनचा शोध लावला आणि ती बदलली. चरबीच्या पेशी लेप्टिन रक्तात सोडून 'साठा पुरेसा आहे' असा निरोप मेंदूला देतात. स्थूल व्यक्तींमध्ये लेप्टिन बहुधा भरपूर असते, परंतु मेंदू त्या निरोपाला पुरेशी दाद देत नाही. पुढे १९९९ मध्ये जपानमधील संशोधकांनी जठरातून स्रवणारे घ्रेलिन शोधले. जेवणापूर्वी ते वाढते व भूक चाळवते.

२०११ मध्ये ऑस्ट्रेलियातील एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात आहार अतिशय कमी करून वजन घटवलेल्या व्यक्तींची वर्षभरानंतर तपासणी केली, तेव्हाही भूक वाढवणारी संप्रेरके चढी आणि तृप्ती देणारी उतरलेली आढळली. शरीर गमावलेली ठेव परत मागत राहते. म्हणून वजन पुन्हा वाढलेल्या माणसाला 'तोंडावर ताबा नाही' असे हिणवणे अन्यायाचे आहे. निश्चयाची गरज आहेच. पण तो निश्चय रोज कोणाशी झुंजतो आहे, हे घरच्यांनी जाणले पाहिजे.

किरकोळ अंगकाठी आणि मधुमेह

"आमच्या घरात कोणी लठ्ठ नाही, मग मधुमेह कसा?" या प्रश्नाचे उत्तर आपल्या महाराष्ट्रातच शोधले गेले आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात स्वतःचेच छायाचित्र प्रसिद्ध केले. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, म्हणजे बीएमआय, दोघांचाही २२.३. परंतु शरीरातील चरबीचे प्रमाण डॉ. युडकिन यांचे ९.१ टक्के, तर डॉ. याज्ञिक यांचे २१.२ टक्के. वजनकाट्यावर दोघे सारखे. अंतर्यामी जमीन-अस्मानाचा फरक.

या फरकाचे मूळ जन्माइतके मागे जाते. १९९३ मध्ये पुणे जिल्ह्यातील सहा खेड्यांत सुरू झालेल्या मातृपोषण अभ्यासात नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो. आपली बाळे स्नायूंनी व पोटातील अवयवांनी लहान होती, पण त्वचेखालील चरबी त्या मानाने राखून होती. स्नायू कमी म्हणजे ग्लुकोज खर्चणारे खाते लहान. मग तोच भरणा यकृतात व पोटातल्या चरबीत साचतो. यामुळे आशियाई लोकांसाठी बीएमआय २३ च्या वर गेल्यासच सावध राहण्यास सांगितले जाते, आणि भारतीयांसाठी कंबरेचा घेर पुरुषांत ९० सेंटिमीटर व स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत असावा असे मानले जाते. शिवणकामाचा टेप घरोघरी असतो. ही तपासणी विनामूल्य आहे.

याच संदर्भात गरोदरपणाचा उल्लेख आवश्यक आहे. वारेतून स्रवणारी संप्रेरके आईच्या शरीरात इन्सुलिन-प्रतिरोध निर्माण करतात. बहुतेक माता अधिक इन्सुलिन तयार करून तोल सांभाळतात. ज्यांना ते साधत नाही, त्यांना गर्भावस्थेतील मधुमेह होतो. प्रसूतीनंतर साखर उतरली, तरी त्या मातेला पुढील आयुष्यात मधुमेहाचा धोका अधिक राहतो. सुनेच्या गरोदरपणातील साखरेची तपासणी टाळू नये आणि प्रसूतीनंतर तिची नियमित तपासणी घरच्यांनीच आठवणीने करवून घ्यावी.

आतड्याचा निरोप

ग्लुकोज शिरेवाटे दिले असता जेवढे इन्सुलिन स्रवते, त्याहून अधिक ते तोंडावाटे दिले असता स्रवते. अन्न आल्याची वर्दी आतडे स्वादुपिंडाला स्वतंत्रपणे देते, असा याचा अर्थ. ही वर्दी देणाऱ्या संप्रेरकांपैकी जीएलपी-१ हे इन्सुलिन वाढवते, ग्लुकागॉन दाबते, जठर सावकाश रिकामे होऊ देते आणि मेंदूला तृप्ती कळवते. मात्र शरीरात ते काही मिनिटांतच नष्ट होते. त्याच्यासारखे काम करणारा टिकाऊ पदार्थ अमेरिकेतील गिला मॉन्स्टर या विषारी सरड्याच्या विषात सापडला आणि त्यावरून घडवलेले औषध २००५ मध्ये तेथे मान्य झाले. सेमाग्लुटाइड हे याच घराण्यातील पुढचे औषध. वजन घटवण्यासाठीचे त्याचे इंजेक्शन २०२५ मध्ये भारतातही आले.

या औषधांविषयी आमच्याकडे वारंवार विचारणा होते. ती प्रभावी आहेत. तथापि एका पाहणीत सेमाग्लुटाइड बंद केल्यावर वर्षभरात घटलेल्या वजनापैकी सुमारे दोनतृतीयांश परत आले. म्हणून ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावीत, सोबत आहार व व्यायाम असावा, आणि शेजाऱ्याच्या सांगण्यावरून कदापि घेऊ नयेत.

आपले ताट

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद व हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, तृणधान्यांतून दिवसाच्या ऊर्जेपैकी सुमारे ४५ टक्क्यांपेक्षा अधिक ऊर्जा येऊ नये. आपल्या घरांत हा वाटा बहुधा त्याहून पुष्कळ मोठा असतो. आमच्या आहारतज्ज्ञ यावरून जे सांगतात, त्याचा सारांश असा :

१. ताटाचा अर्धा भाग पालेभाजी, फळभाजी व कोशिंबिरीचा. पाव भाग उसळ, घट्ट वरण, दही, अंडे किंवा मासळीचा. उरलेला पाव भाग भाकरी, पोळी किंवा भाताचा.

२. आधी कोशिंबीर व उसळ, मग भाकरी, भात शेवटी. तंतुमय पदार्थ व प्रथिने आधी गेल्यास साखर सावकाश चढते.

३. ज्वारी, बाजरी, नाचणी उत्तमच. पण तेही पिष्टच आहे. 'भाकरी चालते' याचा अर्थ 'चार चालतात' असा नव्हे.

४. गूळ, मध व साखर यांत मधुमेहापुरता मोठा भेद नाही. पाच कप चहात दोन-दोन चमचे म्हटले तरी दिवसाला चाळीस-पन्नास ग्रॅम साखर नकळत जाते.

५. जेवणानंतर पंधरा-वीस मिनिटे चालावे. काम करणारा स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न पाहता ग्लुकोज ओढून घेतो.

६. जागरण टाळावे. अपुरी झोप भूक वाढवते आणि इन्सुलिनचा प्रभाव घटवते.

ओट्स, ऑलिव्ह तेल अथवा परदेशी फळे यांची या यादीत गरज नाही. पूर्वी आम्ही जो छापील तक्ता देत होतो त्यात ती होती, आणि किती जणांनी तो कागद घरी गेल्यावर उघडला असेल, याविषयी आम्हाला शंकाच आहे.

उपवासाविषयी विशेष सूचना. साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे. खिचडीने साखर झपाट्याने चढते. याउलट काही गोळ्या व इन्सुलिन घेऊन निर्जळी उपवास केल्यास साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. दरदरून घाम, थरथर, धडधड, गोंधळलेले बोलणे ही तिची लक्षणे. साखर ७० च्या खाली गेल्यास रुग्ण शुद्धीवर असताना तीन-चार चमचे साखर पाण्यातून द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. रुग्ण बेशुद्ध असल्यास तोंडात काहीही न घालता तातडीने रुग्णालयात आणावे. व्रतापूर्वी औषधांची मात्रा डॉक्टरांना विचारण्यात संकोच मानू नये.

हा खर्च की गुंतवणूक ?

मधुमेहाचे दोन प्रकार आपल्या पूर्वजांनीही ओळखले होते. सुश्रुतसंहितेत प्रमेहाचे सहज आणि अपथ्यनिमित्तज, म्हणजे जन्मजात व अपथ्यामुळे होणारा, असे भेद सांगितले आहेत. मात्र पथ्याने नेमके किती साधते, याचे मोजमाप अलीकडचे आहे.

चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या नेतृत्वाखाली मधुमेहाच्या उंबरठ्यावरील ५३१ भारतीयांचा अभ्यास झाला व २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. तीन वर्षांत, केवळ सर्वसाधारण सल्ला मिळालेल्यांपैकी ५५ टक्के लोकांना मधुमेह झाला. आहार व व्यायामाचा सातत्याने पाठपुरावा झालेल्या गटात हे प्रमाण सुमारे ३९ टक्के होते. हा लाभ मेटफॉर्मिन गोळीच्या तोडीचा होता. ब्रिटनमधील 'डायरेक्ट' या अभ्यासात, निदान होऊन सहा वर्षांहून अधिक काळ न लोटलेल्या रुग्णांना देखरेखीखाली काही महिने अत्यल्प कॅलरींचा आहार दिला. वर्षअखेरीस त्यांपैकी ४६ टक्के रुग्णांची साखर औषधांविना मधुमेहाच्या पातळीखाली राहिली. दुसऱ्या वर्षाअखेर हे प्रमाण ३६ टक्क्यांवर आले. म्हणजे परतीची वाट आहे, ती लवकर धरल्यास अधिक सोपी आहे, आणि त्या वाटेवर टिकून राहण्यास सोबत लागते.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रव्यापी पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह असून आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. मूत्रपिंडे निकामी होण्याचे मधुमेह हे एक प्रमुख कारण आहे. डायलिसिसच्या यंत्रावर देणगीदाराचे नाव कोरता येते. न लागलेल्या डायलिसिसवर ते कोरता येत नाही. वाचलेल्या पायाची नोंद कोणत्याही खातेवहीत होत नाही. आमच्या शिफारशीत जी चूक झाली, ती नेमकी येथे.

विश्वस्त मंडळाने अहवाल वर्षात आहारतज्ज्ञांचे पद पुन्हा भरले आहे, ही आनंदाची गोष्ट. आता नव्या रुग्णाच्या केसपेपरवर 'गोड बंद' असे लिहिले जात नाही. कालच्या दिवसभरात काय काय खाल्ले, घरी स्वयंपाक कोण करते, दिवसभराचे काम बसून की उभ्याने, हे विचारून लिहिले जाते आणि घरच्याच भांड्यांच्या मापाने ताट मांडून दाखवले जाते. तीन महिन्यांनी एचबीए१सी ही तपासणी होते. रक्तातील तांबड्या पेशींचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे असल्याने तिच्यातून मागील दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते. एका दिवसाची साखर म्हणजे त्या दिवसाची रोकड. ही तपासणी म्हणजे तिमाही लेखापरीक्षण.

अंगठा गमावलेले ते गृहस्थ आता दरमहा ड्रेसिंग व आहारसल्ल्यासाठी येतात. सोबत त्यांच्या पत्नी असतात आणि भाताची वाटी कोणती, हे त्याच दाखवतात. दुसरा पाय शाबूत राहावा, एवढीच त्या दोघांची अपेक्षा आहे, आणि आमचीही.

कुटुंबीयांना विनंती, की रुग्णासोबत घरात स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीनेही आहारसल्ल्याच्या दिवशी यावे. देणगीदारांना विनंती, की आपल्या देणगीचा काही अंश या विभागासाठी राखून ठेवावा. त्याची पाटी कोठेही लागणार नाही, हे आधीच नमूद करतो.